नखाएवढा फ्रेंच टोस्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक रीत असते. नवा दोर घातला, ब्रेक आवळले, केबिनमध्ये लोखंडी वजनं रचून ती वरखाली फिरवली, सगळं जिथल्या तिथे बसलं, तरीही लोकांना आत सोडायच्या आधी मेकॅनिक स्वतः एकटा आत उभा राहतो आणि तळापासून गच्चीपर्यंत जाऊन येतो. दोर तुटायचाच असेल तर ज्यानं बांधला त्याला घेऊन तुटू दे, इतका साधा हिशेब.

बटणचा बाबा या रीतीत मुरलेला मेकॅनिक होता. बटण म्हणजे त्याची मुलगी. पाय फुटल्यापासून ज्या लिफ्टमध्ये शिरेल तिथली हात पोचतील तेवढी सगळी बटणं ती दाबायची आणि मजल्यामजल्यावर दार उघडलं की समोरच्या रिकाम्या जागेला टाटा करायची. तेव्हापासून तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं. बाबा माणूस तसा धीराचा. केबिनच्या टपावर बसून, खाली दहा मजल्यांचा काळोख असताना, मांडीवर डबा उघडून निवांत जेवायचा. जोडीदार जाड्या त्याला म्हणायचा, "तुला काळीज आहे का तिथेही काउंटरवेटचं लोखंड बसवलंय?" तर असा हा माणूस घरी आला की एका गोष्टीला भ्यायचा. अंड्याला.

हसू नका. त्यानं जे पाहिलं होतं ते पाहिलं असतं तर तुमच्याही घरात अंडं आलं नसतं. बटण तीन वर्षांची असताना शेजारच्या घरी कुणाचा तरी वाढदिवस होता. थरथरतं पुडिंग समोर आलं, बटणने तोंड उघडलं, आणि बाबानेच कौतुकानं एक चमचा भरवला. पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. तिचे ओठ फुगले. मानेवर लाल गांधी उठल्या. आणि मग तो आवाज आला, श्वास आत ओढताना होणारा, बिजागरीत तेल नसलेल्या दारासारखा. डॉक्टरांनी वाचवलं. पण तो चमचा त्याच्या हातातून काही सुटला नाही. रात्री कूस बदलताना तो बोटं मिटायचा तेव्हा ती चमचा धरल्यासारखीच मिटायची, असं बायको सांगायची.

आता बटण सात वर्षांची झाली होती. शाळेत डबा एकटीनं खायचा, सहलीला जायचं नाही, कुणाच्या घरी पाण्याशिवाय काही तोंडाला लावायचं नाही, गळ्यात सुईच्या पेनची छोटी पिशवी. ते पेन मांडीवर दाबलं की औषध आत जातं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत जीव तगतो. बटणला त्या पिशवीचा राग यायचा. "मी काय कुलूप आहे का, सारखी किल्ली गळ्यात घालायला?" असं एकदा तिनं आईला विचारलं होतं.

मग नव्या डॉक्टरीण बाईंनी उपाय सांगितला. बाई बोलायला मऊ, पण नियमाला करवतीसारख्या.

"शरीराला अंड्याची ओळख करून द्यायची, थोडी थोडी. बिस्किटातलं, केकमधलं खरपूस भाजलेलं अंडं तिला पचायला लागलंय. आता फ्रेंच टोस्ट. त्यात अंडं कमी शिजतं, म्हणून ही पायरी अवघड. पहिला तुकडा इथे, माझ्यासमोर. काही झालं नाही तर मग घरी, रोज सकाळी. नखाएवढ्या तुकड्यापासून सुरुवात. पुढच्या आठवड्यात दोन नखं. असं करत अर्धा स्लाईस, मग पूर्ण. तो पचला की मुलगी मोकळी."

बाबाने विचारलं, "आणि एखादा दिवस राहिला तर?"

"राहू द्यायचा नाही. ओळख तुटली की शरीर परत परकं होतं. आणि मध्ये खंड पडला तर लपवायचं नाही, मला सांगायचं. मग आपण मागे येऊ."

दवाखान्यातला पहिला तुकडा निर्विघ्न गेला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दूध भरायच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची, त्यामुळे सकाळचा नाश्ता आधीपासून बाबाकडेच होता. आता फ्रेंच टोस्टही आपसूक त्याच्याकडे आला.

घरचा पहिला दिवस. त्यानं ओटा दोनदा पुसला. छोट्या वाटीत अंडं फोडलं, दूध घातलं, काट्यानं फेटून गाळणीतून गाळलं, म्हणजे पांढऱ्याची एकही तार कच्ची राहायला नको. शिळ्या पावाची एक पट्टी त्यात बुडवून लहानशा तव्यावर लोण्यात ठेवली, आच मंद, वर झाकण. पाव फुगला, सोनेरी झाला, घरभर गोड वास सुटला. त्यानं कात्रीनं नखाएवढा तुकडा कापला आणि बशीत ठेवला. एवढ्याशा तुकड्यासाठी एवढी मोठी बशी, म्हणून बटणला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिनं तो तोंडात टाकला.

तिला ठसका लागला.

ठसका म्हणजे काय, हसताना खाल्लं की कुणालाही लागतो तसा. पण बाबाने तेवढं थांबून बघितलं नाही. त्यानं पेन हिसकावलं, टोपण उडवलं, तिची मांडी दाबून धरली. बटण ओरडली, "बाबा, काय करतोस! मला काही झालं नाहीये!" खरंच झालं नव्हतं. पाणी प्यायल्यावर ती शाळेचे बूट शोधायला गेली. बाबा मात्र ओट्याला टेकून खाली बसला, आणि जाड्याचे तीन फोन येईपर्यंत उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंडं फोडलं, फेटलं, टोस्ट भाजला, कापला. आणि बशी उचलायच्या वेळी हात पुढे जाईना. त्याला रीत आठवली. आधी आपण बसायचं, मग दुसऱ्यानं. त्यानं तो तुकडा स्वतः खाल्ला. अर्थात त्याला काय धाड भरणार होती! तो घराबाहेर रोज दोन अंडी पचवणारा माणूस. हीच तर पंचाईत होती. ही एकच लिफ्ट अशी होती, की तो हजार वेळा आधी बसला तरी तिचा दोर पक्का आहे की नाही ते त्याला कळणार नव्हतं. त्यासाठी बटणलाच बसवावं लागणार होतं, आणि तेही एकटीला.

कपाटात कस्टर्ड पावडरीचा डबा होता. नाव कस्टर्ड, पण आत अंड्याचा मागमूस नाही. बटणच्या घरात वर्षानुवर्षं तीच चालायची. त्यानं दुधात चमचाभर पावडर कालवली, पावाची पट्टी बुडवली, लोण्यात भाजली. रंग तोच, गोडवा तोच. फक्त आजचा दिवस, असं तो स्वतःशी म्हणाला. बटणने खाल्ला, बोटं चाटली, शाळेत गेली. त्याच्या जिवात जीव आला.

आजचा दिवस उद्यावर गेला, उद्याचा परवावर. खोटं बोलायला एकदाच धीर लागतो, पुढे ते अंगवळणी पडतं. तो रोज एक अंडं फोडायचा. टरफलं कचऱ्याच्या डब्यात वरच टाकायचा, बायकोला दिसतील अशी. आतलं अंडं जुन्या बाटलीत ओतून कामावर न्यायचा आणि तिथल्या पहारेकऱ्याच्या कुत्र्याला पाजायचा. ते हडकलेलं कुत्रं महिन्याभरात असं तुकतुकीत झालं, की पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवायचा. सगळ्या प्रकरणात भलं झालं ते एकट्या कुत्र्याचं.

घरी मात्र आनंदीआनंद. नखाचं दोन नखं झालं, दोन नखांचं बोट, बोटाची पट्टी, पट्टीचा अर्धा स्लाईस. बायको कामावरून यायची, डब्यातली टरफलं बघायची, "काही पुरळ? खाज? पोटात दुखलं?" विचारायची, आणि काहीच नाही म्हटल्यावर देवाला नाही, नवऱ्याला हात जोडायची. "तू होतास म्हणून झालं हे. माझ्यानं झालं नसतं." डॉक्टरीण बाईंना फोनवर तीच सगळं कळवायची. बाई म्हणायच्या, छान, वाढवा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं त्याचं. बायकोनं नुसतं फ्रेंच टोस्ट म्हटलं तरी तो ताटावरून उठून पाणी प्यायला जायचा. काही वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच एका मेकॅनिकनं वजनं वाहायचा कंटाळा करून रिकाम्या केबिनची चाचणी घेतली होती आणि खुशाल झाली म्हणून सांगितलं होतं. बाबाने त्याची गचांडी धरून त्याला जिन्यावरून खाली आणलं होतं. "आत माणसं चढणार आहेत, नालायका!" हे शब्द त्याचेच. आता ते रोज सकाळी तव्यासमोर उभं राहिलं की त्याच्याच कानात वाजायचे. मुलीला रिकाम्या केबिनचा भरवसा देऊन तो तिला दहाव्या मजल्यावर नेत होता. हे त्याला कळत होतं. बायकोला सांगावं म्हणून तो रोज तोंड उघडायचा, आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड बघून 'मीठ दे' म्हणायचा. एकदा तर 'मीठ दे' म्हटलं तेव्हा समोर खीर होती.

एके दिवशी बटणला नाश्ता भरवून, शाळेत सोडून तो कामावर आला; जाड्या आणि तो एका उंच इमारतीत दोर बदलत होते. लिफ्ट त्यांनीच बंद करून ठेवली होती. सकाळभर बाबा लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, शाफ्टमध्ये, केबिनच्या टपावर होता. तिथे फोनला रेंज नसते. चहासाठी वर मशीनच्या खोलीत आला तेव्हा फोन खिशात एकदाच थरथरला. बायकोनं पाठवलेला फोटो. बशीत अख्खा स्लाईस, फुगलेला, सोनेरी, कडेला लोण्याचा फेस. मागे बटण, गळा मोकळा, पिशवी नाही, दात काढून हसतेय. खाली लिहिलं होतं, "पाळी बदलून घेतली, तुला सांगितलं नाही. शाळा अर्धीच होती, बटणला घेऊन आले. आज पूर्ण स्लाईस, आणि माझ्या हातचा!"

 चहाचा कप कुठे ठेवला ते त्याला कळलं नाही. फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"हॅलो! बघितलास फोटो?" बायकोचा आवाज हसरा होता.

"काढून घे."

"काय?"

"तिच्या समोरची बशी काढून घे. मी तिला अंडं दिलंच नाहीये. एवढे दिवस कस्टर्ड होतं. ऐकतेस ना? पहिल्या दिवसानंतर एक दिवसही दिलं नाहीये."

 पलीकडे खुर्ची जोरात सरकली, बशी फुटली. लांबून बटणचा आवाज आला, कुरकुरणारा, "आई, अजून अर्धा होता ना! आणि हा बाबासारखा नाही लागत." आणि मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, "आई, जीभ खाजतेय."

तो पळत सुटला. लिफ्टकडेच गेला आधी. दारावर त्याच्याच अक्षरातली पाटी लटकत होती, काम चालू आहे. मग जिना. एकेक टप्पा तीन उड्यांत, फोन कानाला. आत बायको ओरडत होती, "पेन कुठेय? पिशवी कुठे काढलीस?" बटण रडत होती, "तूच म्हणालीस आज नको म्हणून!" ड्रॉवर उघडल्याचे, सामान पडल्याचे आवाज. आणि त्या सगळ्याच्या खाली तो आवाज सुरू झाला, बिजागरीत तेल नसलेल्या दाराचा. बाबाला तो जिन्यात, इतक्या लांबून, नेमका ओळखू आला.

"सापडलं," बायको म्हणाली. "फोन ठेव. दवाखान्यात ये." फोन बंद झाला.

उरलेले मजले त्याला आठवत नाहीत. जाड्यानं मागून येऊन गाडी काढली, हेही नंतर जाड्यानंच सांगितलं. वाटेत त्याच्या तोंडून एकच वाक्य निघत होतं, "वजन न ठेवता सोडली, वजन न ठेवता सोडली." जाड्याला काही कळलं नाही, तरी त्यानं मान हलवली.

बटण वाचली. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण बाबाला ते बराच वेळ कुणी सांगितलं नाही, आणि तो वेळ शत्रूवरही येऊ नये. दवाखान्याच्या बोळात बाकावर तो बसला होता. दार उघडलं की उठायचा, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की बसायचा. शेवटी बायको बाहेर आली. तिच्या बाहीला लोण्याचा डाग होता.

"झोपलीये," ती म्हणाली. "श्वास नीट आहे."

तो रडायला लागला. ती रडली नाही. त्याच्या शेजारीही बसली नाही.

"मी रोज कचऱ्यात टरफलं बघायचे," ती म्हणाली. "आणि तुला हात जोडायचे."

"मला भीती वाटत होती."

"मला वाटत नव्हती? पहाटे बाटल्यांच्या पट्ट्यासमोर उभी असायचे ना, तेव्हा रोज तुमच्या नाश्त्याच्या वेळेला माझे हात गार पडायचे. फोन वाजला नाही की मग दूध दिसायला लागायचं. तुला भीती वाटली तर मला सांगायचं होतंस. मी पाळी सोडली असती. डॉक्टरांकडे गेलो असतो. तू मला माझ्याच हातानं तिला ते भरवायला लावलंस."

 चमचा आता दोघांच्या हातात होता.

डॉक्टरीण बाई संध्याकाळी आल्या. सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"रोज दिलं असतं तर आज पूर्ण स्लाईस पचला असता का?" त्यानंच विचारलं.

"असता किंवा नसता. नखाएवढ्यावरच काही झालं असतं, तर ते नखाएवढंच झालं असतं. आपण थांबलो असतो. म्हणून तर तुकडा लहान ठेवायचा." त्यांनी चष्मा पुसला. "आता काही महिने अंडं बंद. मग पुन्हा पहिल्यापासून. बिस्किटापासून. आणि यावेळी मला दोघांनीही फोन करायचा."

बिस्किट झालं, केक झाला. जाड्यानं एकदा विचारलं, कुत्रं रोडावलंय, अंडं का आणत नाहीस? बाबाने त्याला सगळं सांगितलं. जाड्या स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्याच्याकडे सरकवून म्हणाला, "जेव."

आणि पुन्हा ती सकाळ आली. दवाखान्यातला तुकडा आदल्या दिवशी पार पडला होता; आज घरचा. बायकोनं कारखान्यात सांगून दुपारची पाळी घेतली होती. ती टेबलाशी बसली होती, पेन हातात, टोपणावर अंगठा. ती आता त्याच्याशी बोलायची, कामापुरतं. तुकडा मात्र त्यानंच करायचा, असं तिनंच ठरवलं होतं.

त्यानं अंडं बटणच्या समोर फोडलं. बटणने वाटीत वाकून बघितलं. दूध घातलं, फेटलं, गाळलं, पट्टी बुडवली. लोणी चुरचुरलं. तोच वास सुटला, आणि बायकोनं डोळे मिटून घेतले. त्यानं कात्रीनं नखाएवढा तुकडा कापला. मोठी बशी. या वेळी कुणी हसलं नाही.

"हा खरा आहे?" बटणने विचारलं.

"खरा."

"आधीचे खोटे होते?"

"हो. पहिला सोडून सगळे."

तिनं तुकड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या डोळ्यांत आता भीती होती. पूर्वी नव्हती, पूर्वी ती पेनवर चिडायची, पण घाबरायची नाही. ही भीती त्यानंच तिथे ठेवली होती, आणि ते बघवत नव्हतं.

"मग आधी तू बस," ती म्हणाली. लिफ्टची रीत तिला ठाऊक होती.

त्यानं दुसरा एक तुकडा कापून खाल्ला. बटण त्याच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली, मग मानेकडे, मग पुन्हा ओठांकडे. जसा तो तिच्याकडे बघत आला होता तशीच. बराच वेळ.

"तुला काही नाही झालं."

"मला होतच नाही, बटण. मी आधी बसून काही कळत नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी घाबरून खोटं केलं. यात तुलाच बसावं लागतं. आम्ही दोघं दाराशी उभे आहोत, हलणार नाही. पण बसायचं तुलाच."

"तुला अजून भीती वाटते?"

"खूप."

"मला पण," ती म्हणाली.

नको म्हणाली तर तुकडा कचऱ्यात टाकायचा आणि बाईंना खरं कळवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. ती नको म्हणाली नाही. तिनं आईच्या हातातल्या पेनकडे एकदा बघून घेतलं आणि तोंड उघडलं. स्वतः तुकडा उचलला नाही. त्यानंच भरवायची वाट बघत राहिली.

 त्यानं तो तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. तिनं तोंड मिटलं आणि चावायला लागली, सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघत.